बॉडी पास झाली, सीटचं काय?

पाइपलाइनची पाण्याने दाबचाचणी, म्हणजे हायड्रोटेस्ट, सुरू होताना एक युक्तिवाद हमखास कानावर येतो: ‘व्हॉल्व्ह कारखान्यात दीडपट दाबाला पास झालाय, तोच बंद करून लाइन अडवू.’ हा समज चुकीचा आहे आणि महागात पडतो. व्हॉल्व्हच्या मान्य कमाल दाबाच्या, म्हणजे रेटिंगच्या, दीडपट दाबाची ती चाचणी व्हॉल्व्ह अर्धवट उघडा ठेवून घेतात. तिथे कस लागतो तो बाहेरच्या बॉडीचा. आतलं गेट (प्रवाह अडवणारी चकती) आणि सीट (ती बंद होताना टेकते ते कडं) यांची परीक्षा वेगळी, आणि ती 1.1 पटीचीच.

कार्बन स्टीलच्या क्लास 150 (ही दाबाची एक श्रेणी) व्हॉल्व्हचं 38 अंश सेल्सिअसला रेटिंग 19.6 बार असतं. बॉडी 30 बारला तपासतात, पण बंद गेटची मर्यादा साधारण 21.6 बार. आता 15 बारसाठी डिझाइन केलेली लाइन घ्या. तिची दीडपट चाचणी 22.5 बारला. फरक एका बारचाही नाही, तरी मर्यादा ओलांडलीच. उत्पादकाने बंद स्थितीसाठी रेटिंगहून कमी दाब नेमप्लेटवर दिला असेल, तर 1.1 पट त्या आकड्याची धरायची.

असं का? बॉडीची गोल भिंत दाबाचा ताण सगळीकडे वाटून घेते. गेटच्या एका बाजूला पूर्ण दाब, दुसरीकडे जवळपास काहीच नाही, आणि सगळा भार सीटच्या अरुंद कड्यावर. 200 मिलिमीटर व्यासाच्या गेटवर 22.5 बारला सुमारे 71 किलोन्यूटन बल येतं, म्हणजे सात टनांहून जास्त वजन. व्यास दुप्पट केला की बल चौपट. तरंगत्या बॉलच्या व्हॉल्व्हमध्ये गेटऐवजी भोक असलेला, किंचित सरकू शकणारा गोळा असतो; हा बॉल पलीकडच्या टेफ्लॉन सीटवर रेटला जातो. टेफ्लॉन साध्या तापमानालाही भाराखाली हळूहळू पसरतं आणि दाब काढल्यावर पूर्ववत होत नाही. चाचणीत काहीच फुटत नाही. गळती पुढे सुरू होते.

जाहिरातीतल्या ‘झीरो लीकेज’वर भाळू नका. धातूच्या सीटच्या 8 ते 12 इंची व्हॉल्व्हला अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचं एपीआय 598 हे मानक पाण्याच्या सीट-चाचणीत मिनिटाला 20 थेंब चालवून घेतं.

सीटला सोसावा लागतो तो दोन्ही बाजूंच्या दाबांतला फरक. म्हणून मधले व्हॉल्व्ह उघडे ठेवतात. बॉल व्हॉल्व्ह अर्धवट उघडा ठेवला की बॉलभोवतीच्या पोकळीतही दाब पोचतो. लाइन अडवायला फ्लँजमध्ये (पाइप जोडणाऱ्या बोल्टच्या कड्यांमध्ये) ब्लाइंड, म्हणजे बिनभोकाची चकती, घालतात. मात्र तेच सात टन आता ब्लाइंडवर येतात, त्यामुळे त्याची जाडी हिशेब करूनच ठरवावी लागते.