मोटार शर्यतीचे नियम आले कुठून?

युरोपातली फॉर्म्युला वनची शर्यत आपल्याकडे बहुतेक वेळा रविवारी संध्याकाळी साडेसहाला सुरू होते. जळगाव, धुळे, भुसावळकडची कॉलेजातली मुलं ती मोबाइलवर बघतात आणि शर्यत संपता संपता त्यांचे प्रश्न यायला लागतात. पहिला आलेला बाद कसा झाला? एवढी आघाडी होती, ती गेली कुठे? "हाऊ कसा जिंकना भो?" नियमपुस्तकातलं कलम वाचून दाखवलं की उत्तर मिळतं, पण पटत नाही. या खेळातली कितीतरी कलमं कुठल्या तरी एका दिवशी काहीतरी विपरीत घडलं म्हणून लिहिली गेली आहेत. तो दिवस माहीत असला की कलम वेगळं पाठ करावं लागत नाही.

पहिला आलेला गडी पहिला नसणं, ही गोष्ट तर या खेळाइतकीच जुनी. २२ जुलै १८९४ रोजी 'ल पेती जुर्नाल' या वृत्तपत्राने पॅरिस ते रूआं अशी मोटारींची परीक्षा ठेवली. गाडी सुरक्षित, चालवायला सोपी आणि खर्चाला परवडणारी हवी, ही अट होती. सगळ्यांत आधी पोहोचली ती कोंत द दियों यांची वाफेवरची गाडी. पण तिच्या भट्टीत कोळसा घालायला दुसरा माणूस लागायचा, म्हणून पहिलं बक्षीस पेट्रोलवर चालणाऱ्या प्यूजो आणि पानार या दोन कंपन्यांत वाटलं गेलं. पुढच्या वर्षी पॅरिस–बोर्दो–पॅरिस शर्यतीत एमिल लव्हासोर जवळजवळ एकोणपन्नास तास स्वतः गाडी चालवत सगळ्यांच्या कितीतरी आधी परतला. बक्षीस मात्र चार आसनांच्या गाडीसाठी होतं आणि त्याची होती दोन आसनांची. ते त्याच्यानंतर अकरा तासांनी आलेल्या गाडीला मिळालं.

तेव्हा शर्यती गावागावांतून जाणाऱ्या उघड्या रस्त्यांवर व्हायच्या. मे १९०३ मध्ये पॅरिस–माद्रिद शर्यत निघाली. रस्त्यावर धूळ, कडेला बघ्यांची गर्दी, मध्येच गुरं आणि कुत्री. चालक, मेकॅनिक आणि बघे असे कितीतरी जण पहिल्याच दिवशीच्या अपघातांत गेले. त्यांत रेनॉ बंधूंपैकी मार्सेलही होता. फ्रेंच सरकारने शर्यत बोर्दोलाच थांबवली आणि इंजिनं सुरू करू न देता गाड्या घोडे जुंपून स्टेशनापर्यंत नेल्या. शहरातून शहराकडे धावणं त्या दिवसापासून जवळजवळ संपलं. आज आपण 'सर्किट' म्हणतो ते बंद रस्त्याचं वर्तुळ या घटनेनंतर पक्कं झालं.

तशा वर्तुळावर १९०६ च्या जूनमध्ये फ्रान्समधल्या ल मान्सजवळ पहिली ग्रां प्री, म्हणजे 'मोठ्या बक्षिसाची' शर्यत झाली. एक फेरी शंभर किलोमीटरच्या वर, रोज सहा फेऱ्या, दोन दिवस. ऊन इतकं होतं की रस्त्याचं डांबर वितळून चालकांच्या डोळ्यांत उडत होतं. गाडीला हात लावायची मुभा फक्त चालकाला आणि त्याच्या मेकॅनिकला. रेनॉचा फेरेन्त्स सिस जिंकला, त्यात सुट्या होणाऱ्या रिमचा मोठा वाटा होता. बाकीचे चालक चाकूने टायर कापून काढत बसायचे तेव्हा तो रिमसकट टायर बदलून निघायचा. पहिल्या रात्री कोणी गाडीची गुपचूप दुरुस्ती करू नये म्हणून सगळ्या गाड्या पहाऱ्यात कोंडून ठेवल्या होत्या. आज 'पार्क फेर्मे' म्हणतात ते हेच. सुटण्याचा क्रम ठरवणाऱ्या पात्रता फेरीनंतर गाडीच्या रचनेत बदल केला, तर शर्यत पिट लेनमधून (टायर बदलायच्या, दुरुस्तीच्या जागेलगतच्या गल्लीतून) सुरू करावी लागते, आणि शर्यतीनंतर सगळ्यांना गाडी तिथेच आणून उभी करावी लागते.

तिथे वजन होतं. २०२४ ची बेल्जियन ग्रां प्री जॉर्ज रसेल जिंकला आणि थोड्या वेळाने बाद झाला, कारण गाडी दीड किलो हलकी भरली. त्यावर दर वेळी विचारलं जातं, एवढ्यासाठी? या दीड किलोमागे साठ वर्षांहून जुनी गोष्ट आहे. सुरुवातीला वजनाची मर्यादा वरून होती. १९०२ पासून गाडी १,००० किलोच्या आत हवी, १९३४ पासून ७५० किलोच्या आत. हलकी गाडी म्हणजे लहान इंजिन, लहान इंजिन म्हणजे कमी वेग, असा हिशेब. जर्मन अभियंत्यांनी हलक्या मिश्रधातूंतून प्रचंड ताकदीची इंजिनं त्याच ७५० किलोत बसवली आणि वेग उलट वाढला. पुढे हलकेपणाच्या ओढीत गाड्या नाजूक होत गेल्या. तेव्हा १९६१ मध्ये मर्यादा उलटी केली, किमान ४५० किलो. किमान वजन आहे म्हणून संरक्षक सांगाड्यातून वजन चोरण्यात फायदा उरत नाही. दीड किलोला माफी दिली तर पुढचा तीन किलो चोरेल. माझ्या मते या बाबतीत पंचांनी जराही सैल सोडू नये.

झेंड्यांचं लवकर आटोपतो. पिवळा म्हणजे पुढे धोका, वेग कमी, ओव्हरटेक बंद. दोन पिवळे हलले तर थांबायच्या तयारीने चालवा. निळा मागे पडलेल्याला, की पुढच्या फेरीतल्याला वाट दे. काळा म्हणजे शर्यत सोडून पिटमध्ये ये. काळ्यावर नारिंगी ठिपका म्हणजे गाडीत बिघाड आहे. आपल्या भागातली गल्लत हिरव्यावर होते. भुसावळला गार्डने हिरवा झेंडा दाखवला की गाडी हलते, त्यामुळे मुलं धरून चालतात की इथेही शर्यत हिरव्यानेच सुटते. फॉर्म्युला वनमध्ये हिरवा म्हणजे धोक्याची जागा संपली. शर्यत सुटते ती पाच लाल दिवे विझल्यावर, आणि ही पद्धत १९९६ ची. शर्यत सुटल्यावर पहिल्या फेरीत मागोमाग एक वैद्यकीय गाडी धावते, तिच्यामागे इटलीतल्या मोंझाची १९७८ ची शर्यत आहे. मागच्या गाड्या पुरत्या थांबल्याही नव्हत्या तोच शर्यत सोडली गेली, पुढे गाड्या एकमेकींवर आदळल्या, चालक रॉनी पीटरसनचे पाय चिरडले आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. वैद्यकीय मदत उशिरा पोहोचली होती. फॉर्म्युला वनचे डॉक्टर सिड वॉटकिन्स यांनी त्यानंतर ही गाडी मागून घेतली. २०२० मध्ये बहरीनला रोमां ग्रोजाँची गाडी कठड्यात घुसून पेटली तेव्हा तीच गाडी काही सेकंदांत तिथे पोहोचली होती. डोक्याभोवतीची 'हेलो' ही कमान २०१८ मध्ये सक्तीची झाली तेव्हा गाडी कुरूप दिसते म्हणून कितीजण नाराज होते. त्या रात्रीनंतर ते सूर थांबले.

पिटची भिंत आणि पिटमधली वेगमर्यादा हे दोन वेगळे धडे. ११ जून १९५५ ला ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत पिट मुख्य रस्त्याला खेटून होते, मध्ये काहीही नाही. माइक हॉथॉर्नने पिटकडे वळताना ब्रेक दाबला, मागची गाडी बाजूला झाली, आणि तिच्यावर चढून पिएर लव्हेगची मर्सिडीज प्रेक्षकांत फुटली. ऐंशीहून जास्त माणसं मेली. स्वित्झर्लंडने सर्किट शर्यतींवर बंदी घातली, ती कित्येक दशकं टिकली. वेगमर्यादा मात्र १९९४ ची. रोलँड रात्झेनबर्गर आणि आयर्टन सेना हे चालक इटलीतल्या इमोलाला ज्या शनिवार-रविवारी मरण पावले, तेव्हाच्याच शर्यतीत पिटमधून निघालेल्या गाडीचं चाक सुटून मेकॅनिक जखमी झाले होते. दोन मृत्यूंच्या छायेत ही घटना विसरली जाते.

आता सेफ्टी कार. खानदेशात सगळ्यात जास्त भांडण हिच्यावरून होतं. अपघात झाला की शर्यतीचा वेग रोखायला ही गाडी सगळ्यांच्या पुढे सोडतात. ती आली की सगळ्यांनी तिच्यामागे रांग धरायची, म्हणजे पुढच्याची वीस सेकंदांची आघाडी पुसली जाते. अन्याय वाटतो, आणि आहेही. पण रस्त्यावर माणसं गाडीचे तुकडे उचलत असताना शर्यतीच्या गाड्या विखुरलेल्या धावल्या तर त्या माणसांना मोकळा वेळ मिळत नाही. रांग एकत्र आली की मिळतो. पहिल्यांदा हा प्रयोग १९७३ च्या कॅनडा ग्रां प्रीत झाला. पाऊस थांबला होता, सगळे टायर बदलायला पिटमध्ये येऊन गेले होते, फेऱ्यांची हाताने केलेली नोंद गडबडली होती. पिवळ्या पोर्शेने चुकीच्या गाडीला पुढारी समजून मागे घेतलं. पीटर रेव्हसन जिंकला हे ठरवायला तासन्‌तास लागले. त्यानंतर सेफ्टी कार नियमांत रीतसर आली ती वीस वर्षांनी, १९९३ मध्ये. २०१४ मध्ये जपानमधल्या सुझुकाला पिवळे झेंडे हलत असतानाही चालक ज्यूल बियांकी क्रेनवर आदळला. त्यातून पुढच्या वर्षी व्हर्च्युअल सेफ्टी कार आली. तिच्यात सगळ्यांनी ठरलेल्या वेळेपेक्षा हळू चालवायचं, अंतरं जवळपास तशीच राहतात.

१२ डिसेंबर २०२१ ला अबू धाबीत, लुईस हॅमिल्टन आणि मॅक्स व्हर्स्टापेन यांच्यातलं विश्वविजेतेपद ठरवणाऱ्या वर्षातल्या शेवटच्या शर्यतीत, शेवटच्या फेऱ्यांत सेफ्टी कार आली. हॅमिल्टन पुढे, पण जुन्या टायरवर. व्हर्स्टापेनने नवे घेतले. दोघांच्या मध्ये एक फेरी मागे पडलेल्या पाच गाड्या होत्या. शर्यत संचालकाने फक्त त्या पाचांना पुढे जाऊ दिलं, बाकीच्यांना नाही, आणि सेफ्टी कारही नियमात होती त्याच्या एक फेरी आधी आत घेतली. विजेतेपद शेवटच्या फेरीत हॅमिल्टनकडून व्हर्स्टापेनकडे फिरलं. चौकशीत मानवी चूक झाल्याचं मान्य झालं, निकाल तसाच राहिला, आणि २०२२ साठी कलम बदललं: पुढे सोडायच्या तर सगळ्या गाड्या सोडा. त्याच आठवड्यात, १६ डिसेंबरला, सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रात बैलगाडा शर्यतींना अटींवर परवानगी दिली होती. त्यामुळे शर्यतीचे नियम कोणी आणि का ठरवायचे यावर आपल्याकडे तेव्हा भरपूर बोललं जात होतं. मला अजूनही वाटतं की त्या रात्री लाल झेंड्याने शर्यत थांबवून सगळ्यांना नव्या टायरवर सोडायला हवं होतं.

नारायण कार्तिकेयनला पाच गुण मिळाले ते कसे, हेही विचारतात. १९ जून २००५, इंडियानापोलिस. त्या वर्षी एकच टायरसंच पात्रता फेरी आणि पूर्ण शर्यतीला वापरायचा, असा नियम होता. तिथल्या एका बाजूला कललेल्या वळणावर मिशेलिन कंपनीचे टायर टिकेनात. तडजोड निघाली नाही आणि तयारीची फेरी मारून ते टायर लावलेल्या चौदा गाड्या पिटमध्ये परतल्या. सहाच धावल्या, नारायण चौथा आला. नियम पुढच्याच वर्षी गेला. काही जण या गुणांना कमी लेखतात. पण सहाजणांनी शर्यत पूर्ण केली आणि त्यांतल्या दोघांच्या पुढे तो आला, हे कोणी नाकारू शकत नाही. फॉर्म्युला वनमधला पहिला भारतीय चालक आणि त्याचे पहिले गुण, ते तसेच नोंदवले जावेत.

गुणांची पद्धत थोडक्यात. १९५० मध्ये पहिल्या पाचांना ८, ६, ४, ३, २ आणि सर्वांत वेगवान फेरीला १. २०१० पासून पहिल्या दहांना, विजेत्याला २५. वेगवान फेरीचा गुण २०१९ मध्ये परत आला आणि २०२५ पासून पुन्हा गेला.

अलीकडचा एक नियम आपल्याला जवळचा वाटेल. २०२३ मध्ये कतारच्या उकाड्यात एका चालकाला हेल्मेटमध्येच उलटी झाली, काहींना गाडीतून उतरवत नव्हतं. त्यावरून आता तापमान आणि आर्द्रता मिळून काढलेला उष्णता निर्देशांक ३१ अंशांपुढे जाईल असा अंदाज असला, की 'उष्णतेचा धोका' जाहीर होतो आणि गाडीत चालकाला थंड ठेवणारी यंत्रणा बसवावी लागते. २०२५ मध्ये सिंगापूरला तो पहिल्यांदा जाहीर झाला. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांची सवय असलेल्या जळगावकरांना ३१ हा आकडा किरकोळ वाटतो. पण चालकाच्या अंगावर आगरोधक कपड्यांचे थर असतात, इंजिन पाठीशी असतं, आणि दीड-दोन तास त्याला थांबता येत नाही.