भट्टीवर आगीकडे पाठ करून उभे राहा

काजू फेणीच्या भट्टीवर गेलेला पाहुणा आधी आगीचा फोटो काढतो. साहजिकच आहे, ज्वाळा आणि धूर लगेच नजरेत भरतात. पण मार्च ते मे या हंगामात गोव्यातल्या सत्तरीत किंवा पेडण्यात एखाद्या जुन्या पद्धतीच्या भट्टीवर गेलात, तर थोडा वेळ आगीकडे पाठ करा. भाणातून, म्हणजे रस उकळण्याच्या मोठ्या भांड्यातून, निघालेली नळी ज्या मडक्यात शिरते, त्या मडक्यावर कोणीतरी सतत गार पाणी ओतत असते. फेणीचे निम्मे शास्त्र त्या पाण्यात आहे.

फेणी नात्याने ब्रँडीच. फळाचा रस आंबवून त्याचे ऊर्ध्वपातन केले की ब्रँडी होते, मग ते फळ फ्रान्सच्या कोन्याक भागातले द्राक्ष असो की गोव्यातले काजूचे बोंडू. काजूचे झाडही इथले नव्हे, पोर्तुगिजांनी ते सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणले. तरी २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले ते गोव्याच्या काजू फेणीला!

पिकून आपोआप खाली पडलेले बोंडूच वेचतात. ते तुडवून रस काढतात आणि उरलेल्या चोथ्यावर दगड ठेवतात. त्यातून थेंबथेंब गळतो तो नीरो. तो ताजा मिळाला तर सोडू नये. बाकीचा रस आंबायला ठेवतात. त्यात यीस्ट कोणी घालत नाही, ते फळाच्या सालीवर आणि भांड्यांत असतेच. १०० ग्रॅम साखरेतून जास्तीत जास्त ५१ ग्रॅम अल्कोहोल मिळते, बाकीचा जवळजवळ सगळा भाग कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातो. दोन-तीन दिवसांनी रसाची खदखद थांबली की तो भाणात जातो.

अल्कोहोल ७८ अंशांना उकळते आणि पाणी १०० अंशांना, त्यामुळे ७८ अंशांवर अल्कोहोल तेवढे निघून येते आणि पाणी मागे राहते, अशी आपली समजूत असते. तसे होत नाही. १० टक्के अल्कोहोल असलेले मिश्रण ९२-९३ अंशांच्या आसपास उकळते आणि दोन्हींची वाफ एकदमच निघते. फक्त त्या वाफेत अल्कोहोलचा वाटा बराच मोठा असतो, सुरुवातीला निम्म्याच्या आसपास. भाणातले अल्कोहोल संपत जाते तशी वाफ पातळ होते. आधीचे आणि नंतरचे सगळे एकत्र गोळा झाल्यावर मिळतो तो १५ टक्क्यांच्या आगेमागे असलेला हुर्राक. हा हुर्राक आंबलेल्या रसात मिसळून पुन्हा उकळला की ४२ ते ४५ टक्क्यांची फेणी उतरते. कोन्याकही असेच दोनदा उकळतात. पहिल्या खेपेला ३० टक्क्यांच्या आसपास, दुसऱ्या खेपेला ७० च्या आसपास. मग ते ओकच्या पिंपात किमान दोन वर्षे मुरते आणि रंग घेते. फेणी लाकडाच्या वाटेला जात नाही, म्हणून ती पाण्यासारखी नितळ.

आता ते गार पाणी. एक किलो वाफेचे पुन्हा पाणी होताना सुमारे २,२६० किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. ५४ लिटर पाणी १० अंशांनी तापवायला ती पुरेल. अल्कोहोलची वाफ याच्या निम्म्याहूनही कमी उष्णता सोडते, पण वाफेत पाणी असतेच. चुलीने वाफेत घातलेली ही सगळी उष्णता कोणीतरी उचलून न्यायला हवी. म्हणून भट्टी विहिरीजवळ किंवा ओहोळाच्या काठी बरी. आग भडकली आणि पाणी कमी पडले की वाफ थंड न होताच निसटते, आणि त्यात अल्कोहोलच जास्त जाते. शिवाय भाणातला फेस उसळून नळीत चढतो तो वेगळाच. मंद आग ठेवण्याचा भट्टीवाल्याचा हट्ट निव्वळ परंपरेपोटी नसतो. हल्ली तांब्याची नागमोडी नळी पाण्याच्या टाकीत बुडवलेली दिसते. तांबे उग्र वासाची गंधकयुक्त संयुगे धरून ठेवते, हा त्यातला वरचा फायदा.

बोंडूचा तुरटपणा, साखर आणि संत्र्याच्या कितीतरी पट असलेले क जीवनसत्त्व भाणातच राहते. वास देणारी एस्टरे मात्र वाफेबरोबर येतात, त्यामुळे फेणी गोड नसूनही तिला फळाचा दरवळ असतो. पहिली धार फेकली की मिथेनॉल हे विषारी अल्कोहोल संपले, असे अनेक जण ठामपणे सांगतात. ते खरे नाही. पाणी भरपूर असलेल्या मिश्रणातून मिथेनॉल शेवटपर्यंत थोडेथोडे येत राहते. फळांच्या पेक्टिनमधून ते अल्प प्रमाणात तयार होते, द्राक्षाच्या ब्रँडीतही ते असते. विषारी दारूच्या बातम्यांत दिसते ते बहुधा कारखान्यातले, बाहेरून मिसळलेले मिथेनॉल.

फेणी पुरेशी कडक झाली का, हे जुने लोक बाटली हलवून बुडबुडे किती वेळ टिकतात यावरून ठरवत. यालाही आधार आहे. २० अंशांना पाण्यापेक्षा शुद्ध अल्कोहोल किंचितच जास्त चिकट, पण दोन्ही जवळजवळ निम्मे-निम्मे मिसळले की मिश्रण पाण्याच्या जवळपास तिप्पट चिकट होते. अशा द्रवाची पातळ पडदी सावकाश गळते, म्हणून बुडबुडा लवकर फुटत नाही. अल्कोहोल कमी असले तरी तो भरभर फुटतो आणि फार जास्त असले तरीही. आता काचेचा तरंगमापी बुडवून ‘ग्राव’, म्हणजे कडकपणाचे माप, वाचतात आणि आकडा लगेच कळतो. तरी बाटली हलवून बघायची सवय काही सुटलेली नाही.