पोरगं 'व्हिज्युअल लर्नर' आहे म्हणे, मग विचार कसा करतं?

घोडबंदर रोडला म्हणा नाहीतर वाशी-नेरुळला, पालकांच्या गप्पांत हे येतंच, आमचा व्हिज्युअल आहे, आमची ऐकून शिकते वगैरे. ही बघून, ऐकून, वाचून-लिहून नाहीतर हाताने करून शिकणारी अशी वाटणी न्यूझीलंडच्या नील फ्लेमिंगने 1992 च्या सुमारास मांडली. आवड असते हो, त्यात वाद नाही. पण आवडीच्या पद्धतीने शिकवलं की जास्त येतं याचा पुरावा पॅशलर आणि इतर तिघा मानसशास्त्रज्ञांनी 2008 मध्ये शोधला तर जवळजवळ काहीच सापडलं नाही.

आता क्रिटिकल थिंकिंग, म्हणजे समोरचा दावा तपासून बघणं. मानसशास्त्रज्ञ पीटर वेसनचं 1966 चं एक कोडं आहे. टेबलावर चार कार्डं, अ, क, ४, ७. प्रत्येकाच्या एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला आकडा. नियम असा की एका बाजूला स्वर असेल तर मागे सम संख्या असलीच पाहिजे. नियम मोडलाय का हे बघायला कुठली कार्डं उलटायची? बहुतेक लोक अ आणि ४ नाहीतर नुसतं अ म्हणतात. बरोबर उत्तर अ आणि ७, कारण ४ च्या मागे काहीही असलं तरी नियम मोडत नाही पण ७ च्या मागे स्वर निघाला की संपलं. शिकलेली माणसंसुद्धा यात धडाधड पडतात, बरोबर येणारे दहा टक्केही नसतात.

आता हेच ठाणे स्टेशनवर आणू. वाशी लोकल आली, टीसी उभा आहे, फर्स्टमधून आलास तर फर्स्टचा पास हवा. एक जण फर्स्टमधून उतरला, एक सेकंडमधून, तिसऱ्याच्या हातात फर्स्टचा पास, चौथ्याच्या हातात सेकंडचा. कोणाला धरायचं? पहिल्याला आणि चौथ्याला, हे शेंबडं पोरगंही सांगेल! ग्रिग्ज आणि कॉक्सने 1982 मध्ये दारू पिण्याच्या वयाचा नियम घेऊन असंच केलं तेव्हा साधारण चारातल्या तिघांना बरोबर जमलं.

म्हणजे बघा, दोन्ही वेळा तर्क तोच, दोन्ही वेळा वाचूनच सोडवायचं, बदलला तो फक्त विषय आणि त्याची ओळख. म्हणून इतिहासात नीट शंका काढायच्या तर आधी इतिहास माहीत पाहिजे, नुसती रंगीत चार्टं लावून ते होत नाही.

आणि लर्निंग स्टाईलचा रिपोर्ट हातात पडलाच तर देणाऱ्याला एवढंच विचारा, काय दिसलं तर हा रिपोर्ट चुकला असं तुम्ही म्हणाल?