बिगफूट आणि यती: एकाची भेट होते, दुसऱ्याचे नुसते पाय दिसतात

एप्रिल २०१९ मध्ये भारतीय लष्कराने ट्विटरवर नेपाळमधल्या मकालू शिखराच्या बेस कॅम्पजवळच्या बर्फातल्या पावलांचे फोटो टाकले होते, आठवत असेल, ३२ बाय १५ इंचांचे ठसे आणि ते यतीचे आहेत असं थेट लिहिलेलं. मग जो धुमाकूळ झाला त्यात माझ्या फोनवर आलेल्या बऱ्याच जोक्सना एकच फोटो चिकटवलेला, तोच तो, काळपट केसाळ आकृती, लांब हात, चालता चालता मान वळवून कॅमेऱ्याकडे बघतेय. अहो पण तो फोटो हिमालयातला नाहीच. तो उत्तर कॅलिफोर्नियातल्या ब्लफ क्रीक नावाच्या ओढ्याकाठचा, २० ऑक्टोबर १९६७ चा, रॉजर पॅटरसन आणि बॉब गिमलिन हे दोघं घोड्यावरून गेले होते तेव्हा काढलेल्या जेमतेम मिनिटभराच्या फिल्ममधला. म्हणजे बिगफूट. यती नव्हे.

नेहमीचे फरक आधी उरकून टाकू. बिगफूट किंवा सॅस्क्वाच हा उत्तर अमेरिकेतला, मुख्यतः वॉशिंग्टन राज्य, ओरेगन, उत्तर कॅलिफोर्निया आणि कॅनडातला ब्रिटिश कोलंबिया, जिथे सूचिपर्णी झाडांची ओली, दाट, मैलोन्‌मैल माणूस न दिसणारी जंगलं आहेत. यती म्हणजे आपल्याकडे ज्याला हिममानव म्हणतात तो, नेपाळ, तिबेट, सिक्कीम, भूतान या पट्ट्यातला. बिगफूट सात-आठ फूट उंच सांगतात. यती पांढराशुभ्र असतो ही कार्टूनवाल्यांची देणगी आहे, शेर्पांच्या वर्णनात तो तांबूस-तपकिरी आहे. झालं, एवढं कुठेही मिळेल.

मला यातला खरा फरक वेगळाच वाटतो, आणि तो प्राण्यात नाहीये, गोष्ट कोण सांगतं त्यात आहे. कोकणात भुताची गोष्ट ऐकलीय ना, ती कायम कुणाच्या तरी मामाच्या मित्राला घडलेली असते, सांगणाऱ्याला स्वतःला कधीच नाही. यतीचं बरंचसं तसंच आहे. बिगफूटचं बरोब्बर उलटं, तिथे सांगणारा म्हणतो मी होतो, माझ्या गाडीसमोरून गेला, चाळीस फुटांवर होता, मी काय बघितलं ते मला माहितीय.

उदाहरण म्हणून विल्यम रो घ्या. ऑक्टोबर १९५५, ब्रिटिश कोलंबियातला मायका पर्वत, हा माणूस शिकारीची सवय असलेला, हातात रायफल. झुडपाआड बसलेला असताना त्याला मोकळ्या जागेत आधी अस्वल वाटलं, मग ते उभं राहून चालत पुढे आलं तेव्हा दिसलं की मादी आहे, सहा फुटांच्या आसपास उंच पण भयंकर रुंद, अंगभर केस. ती त्याच्याजवळच येऊन बसली आणि फांद्या ओढून दातांनी पानं ओरबाडून खायला लागली. मग तिला वास आला बहुतेक, तिने बघितलं आणि उठून भराभरा निघाली. रोने बंदूक उचलली, नेम धरला आणि मारली नाही, कारण म्हणाला ते मला माणसासारखं वाटलं. हे सगळं त्याने १९५७ मध्ये शपथेवर लिहून दिलं. खरं-खोटं बाजूला ठेवा, पण गोष्ट म्हणून ही मला सगळ्यात जास्त आवडते कारण यात कुणी पाठलाग करत नाही, कुणी किंचाळत नाही, एक प्राणी पानं खातो आणि निघून जातो.

त्याच १९५७ मध्ये अल्बर्ट ऑस्टमन नावाच्या गृहस्थांनी त्याहून भन्नाट गोष्ट सांगितली, की १९२४ मध्ये आपल्याला झोपायच्या बॅगेसकट एका सॅस्क्वाचने उचलून नेलं आणि त्याच्या कुटुंबात, म्हणजे आईवडील आणि दोन पोरं, कित्येक दिवस ठेवलं, आणि शेवटी बापाने यांची तंबाखूची डबी तोंडात रिकामी केली आणि त्याच्या पोटात गडबड झाली तेव्हा हे पळाले. आता १९२४ ची गोष्ट १९५७ मध्येच का बाहेर आली? तर त्या वर्षी हॅरिसन हॉट स्प्रिंग्ज या छोट्या गावाने प्रांताच्या शताब्दीच्या पैशातून सॅस्क्वाचची शोधमोहीम काढायचा प्रस्ताव मांडला होता, पेपरात त्यावर धमाल चाललेली, आणि एकाने सांगितलं की दुसऱ्यालाही आपलं जुनं आठवतं. याचा अर्थ ते खोटंच बोलत होते असं मी म्हणत नाही, पण ऐकणारं कुणीतरी आहे हे कळल्याशिवाय अशी गोष्ट कुणी सांगत नाही एवढं नक्की.

पुढे या सांगण्याला जवळजवळ साचाच आला. संध्याकाळची वेळ, लाकूडतोडीचा कच्चा रस्ता, किंवा हरणाच्या शिकारीला मचाणावर बसलेला एकटा माणूस. आधी घाण वास, मग पक्षी-किडे सगळे गपगार, मग लांबून लाकडावर लाकूड आपटल्यासारखे दोन-तीन ठोके, कधी दगड येऊन पडतात, आणि मग झाडांमध्ये काहीतरी उभं. दगडांचा भाग तर पार १९२४ पासूनचा आहे, सेंट हेलेन्स पर्वताजवळ खाणकामगारांनी रात्रभर आपल्या केबिनवर दगडांचा मारा झाल्याचं सांगितलं होतं, ती दरी अजून एप कॅनियन, म्हणजे वानरदरी, म्हणूनच ओळखली जाते.

१९९५ मध्ये मॅट मनीमेकर यांनी बीएफआरओ ही बिगफूट शोधणाऱ्यांची संघटना काढली, आणि त्यांनी या भेटींची चक्क वर्गवारी केली. स्पष्ट दिसला, दुसरा प्राणी असण्याची शक्यता कमी, तर क्लास ए. नुसता आवाज आला किंवा अंधारात, लांबून, नीट न दिसलेला असेल तर बी. आणि दुसऱ्याकडून ऐकलेली गोष्ट असेल तर सी, ती बहुतेक वेळा बाजूलाच. आता हीच फूटपट्टी हिमालयात लावून बघा, यतीच्या जवळजवळ सगळ्या गोष्टी सी मध्ये जातील!

कारण यतीचं भांडवल म्हणजे ठसे. १९२१ मध्ये एव्हरेस्टच्या पाहणी मोहिमेत हॉवर्ड-बरी यांना ल्हाक्पा ला खिंडीजवळ ठसे दिसले, कलकत्त्याच्या द स्टेट्समन पेपरने ते उचलून धरलं आणि हिममानव जगभर झाला. १९५१ मध्ये एरिक शिप्टन आणि मायकेल वॉर्ड हे गिर्यारोहक एव्हरेस्टजवळच्या मेनलुंग हिमनदीवर गेले, तिथल्या एका ठशाशेजारी मापासाठी बर्फ फोडायची कुऱ्हाड ठेवून फोटो काढला, आणि तो एक फोटो यतीला पुढची सत्तर वर्षं पुरलाय. यात कुणी यती बघितलेला नाही हे लक्षात घ्या. २०१९ च्या लष्कराच्या ट्विटमध्येही नाही, तिथेही पावलंच, आणि नेपाळकडून लगेच सांगण्यात आलं की अस्वलाची आहेत.

अपवाद आहेत, नाही असं नाही. १९२५ मध्ये सिक्कीममधल्या झेमू हिमनदीजवळ तोंबाझी या फोटोग्राफरला लांबून मिनिटभर एक उभी आकृती दिसली, मध्येच थांबून झुडपं उपटणारी. १९८६ मध्ये गढवालमध्ये हेमकुंडजवळ अँथनी वूल्ड्रिजने तर उभ्या यतीचा फोटोच काढला, आणि नंतर जागेची मोजमापं केल्यावर तो यती म्हणजे खडक निघाला. त्याच वर्षी तिबेटमध्ये राइनहोल्ड मेस्नर या गिर्यारोहकाला रात्री काहीतरी मोठं दोन पायांवर दिसलं, तो गडी त्यामागे कित्येक वर्षं फिरला आणि शेवटी म्हणाला की हे अस्वलच आहे. आणि ज्यांनी सगळ्यात जास्त बघायला हवा ते शेर्पा? त्यांच्याकडे यती दिसणं हा अपशकुन मानतात. जे दिसल्याने घरावर संकट येतं ते कोण मिरवत सांगेल, तिकडे अमेरिकेत मात्र लोक माइक हातात घेऊन सांगतात.

आता कुणी म्हणेल की बिगफूटची सुरुवातही ठशांनीच झाली की. बरोबर. १९५८ मध्ये त्याच ब्लफ क्रीकला रस्त्याचं काम चालू असताना बुलडोझर चालवणाऱ्या जेरी क्रूला १६ इंची पावलं दिसली, त्याने प्लास्टरचा साचा काढला, हम्बोल्ट टाइम्समध्ये फोटो आला आणि बिगफूट हे नाव देशभर गेलं. २००२ मध्ये तिथला कंत्राटदार रे वॉलेस वारला तेव्हा घरच्यांनी लाकडात कोरलेले पाय काढून दाखवले, म्हणाले आमच्या बाबांचे उद्योग. एवढं होऊनही बिगफूटवाल्यांच्या विश्वासावर ओरखडा पडला नाही, कारण तोपर्यंत तो ठशांवर उभाच नव्हता, पॅटरसनची फिल्म होती आणि मी बघितला म्हणणारी माणसं होती.

मग या दोघांची एवढी गल्लत का होते? निव्वळ केस आणि उंचीमुळे नाही. तीच माणसं दोन्हीकडे होती. टेक्सासचा तेलसम्राट टॉम स्लिक याने १९५७ ते १९५९ नेपाळमध्ये यतीच्या मोहिमांना पैसा पुरवला आणि मग तोच पैसा वळवला वायव्य अमेरिकेच्या जंगलांकडे, १९६२ मध्ये विमान अपघातात जाईपर्यंत. त्याचा हिमालयातला माणूस पीटर बर्न, आयरिश, आधी भारतात चहाच्या मळ्यावर होता, तोच पुढे ओरेगनमध्ये बिगफूट शोधत बसला. पॅटरसननेसुद्धा फिल्मच्या आदल्या वर्षी, १९६६ मध्ये पुस्तक काढलं त्याचं नावच 'अमेरिकेतले हिममानव खरंच आहेत का' अशा अर्थाचं होतं. म्हणजे गोंधळ व्हॉट्सअ‍ॅपने नाही घातला, मुळातूनच आहे.

या बर्नसाहेबांचीच दोन प्रकरणं शेजारी ठेवली की गंमत कळते. नेपाळमधल्या पांगबोचे गावच्या गोंपामध्ये, म्हणजे बौद्ध मठात, यतीचा म्हणून एक वाळलेला पंजा होता, १९५९ मध्ये बर्नने त्याचं एक बोट लांबवलं, बदल्यात माणसाच्या बोटाचं हाड बसवलं, आणि हॉलिवूडचा हिरो जेम्स स्टुअर्ट आणि त्याच्या बायकोने ते सामानातून लंडनला पोचवलं. ऐकायला सिनेमा वाटतो पण खरं आहे. २०११ मध्ये डीएनए केला, माणसाचं निघालं. आणि अमेरिकेत आल्यावर बर्नने बिगफूटचे म्हणून १५ केस एफबीआयकडे धाडले, १९७७ मध्ये उत्तर आलं, हरणाच्या कुळातले. नेपाळमधल्याच खुमजुंगच्या गोंपामधली यतीची म्हणून जपलेली डोक्यावरची केसाळ कातडी १९६० मध्ये एडमंड हिलरी गावकऱ्यांच्या परवानगीने शिकागो, पॅरिस, लंडनला तपासून आणली, ती सेराव नावाच्या रानबकरीसारख्या प्राण्याच्या कातड्याची निघाली. ती आजही गोंपामध्ये काचेच्या पेटीत आहे आणि गावाला त्याचं काही वाटत नाही, वाटायचं कारणही नाही.

तर यतीच्या बाबतीत तपासायला वस्तू असते. २०१७ मध्ये बफेलो विद्यापीठाच्या शार्लट लिंडक्विस्ट यांच्या टीमने यतीचे म्हणून जपलेले नऊ नमुने तपासले, आठ अस्वलं आणि एक कुत्रा. विषय संपला. बिगफूटच्या भेटीत तपासणार काय? चाळीस फूट, दहा सेकंद, संधिप्रकाश आणि एक प्रामाणिक माणूस. प्रामाणिक हे मी टोमणा म्हणून लिहीत नाहीये, यातले बहुतेक लोक खरंच काहीतरी बघून घाबरलेले असतात.

ते काहीतरी म्हणजे काय याचं सगळ्यात चांगलं उत्तर दोन्हीकडे एकच आहे, अस्वल, फक्त फसवायची पद्धत वेगळी. बर्फात अस्वल चालताना मागचा पाय पुढच्या पायाच्या ठशावर अर्धवट पडतो, दोन मिळून एक लांबलचक माणसासारखं पाऊल तयार होतं, आणि मग ऊन लागून कडा वितळल्या की ते अजून फुगतं. जंगलात मात्र अस्वल प्रत्यक्ष उभं राहतं, वास घ्यायला, लांबचं बघायला. आणि चालतंही! न्यू जर्सीत २०१४ पासून दोनेक वर्षं एक काळं अस्वल पुढच्या पायाला इजा झाल्यामुळे लोकांच्या अंगणातून सरळ दोन पायांवर फिरायचं, पेडल्स नाव पडलेलं, व्हिडिओ बघा, सूट घातलेला माणूस वाटतो. २०२४ मध्ये जर्नल ऑफ झूऑलॉजीमध्ये एक अभ्यास आला, त्यात दर हजार काळ्या अस्वलांमागे सॅस्क्वाच दिसल्याच्या नोंदी साधारण ४ टक्क्यांनी वाढतात असं निघालं. दिसलेलं सगळं अस्वलच होतं असं यातून सिद्ध होत नाही, पण मला विचाराल तर पुरे आहे.

सरकारी कागदपत्रांतही फरक पडलाय बरं का. १९५९ मध्ये काठमांडूच्या अमेरिकन वकिलातीने नेपाळ सरकारचे यतीसंबंधी नियम कळवले, परवान्याचे पाच हजार नेपाळी रुपये, जीवावर बेतल्याशिवाय गोळी नाही, आणि फोटो किंवा यती जे मिळेल ते सरकारजमा. हे नियम परदेशी मोहिमांसाठी, शोधायला येणाऱ्यांसाठी. वॉशिंग्टन राज्यातल्या स्कॅमेनिया काउंटीने, म्हणजे जिल्ह्याने, १९६९ मध्ये जो ठराव केला त्यात बिगफूट मारणाऱ्याला दहा हजार डॉलर दंड आणि पाच वर्षं कैद होती, आणि कारण उघड आहे, जंगलात बंदूक घेऊन फिरणाऱ्या हौशी लोकांनी एखाद्या माणसालाच टिपलं तर काय. १९८४ मध्ये शिक्षा कमी केली पण एक कलम घातलं, की मेलेला प्राणी माणसासारखा आहे असं शवचिकित्सा करणाऱ्या अधिकाऱ्याने ठरवलं तर खटला खुनाच्या कायद्याखाली चालेल.