इन्चार्ज सिस्टरांचं लीडरशिप ट्रेनिंग

वॉर्ड ज्यांच्या ताब्यात असतो त्या नर्सना माणसं सांभाळणं, ड्युट्या लावणं, भांडणं मिटवणं आणि डॉक्टरांसमोर आपलं म्हणणं नीट मांडणं शिकवणारं हे ट्रेनिंग. महाराष्ट्रात सरकारी हॉस्पिटलात अधिपरिचारिका म्हणजे स्टाफ नर्स, तिच्यावर परिसेविका म्हणजे आपली इन्चार्ज सिस्टर, आणि वर अधिसेविका, जिला सगळे मेट्रनच म्हणतात. प्रमोशन बहुतेक सीनियॉरिटीने मिळतं, त्यामुळे कालपर्यंत इंजेक्शनं देणारी सिस्टर आज ड्युटी चार्ट घेऊन बसते आणि हे काम वेगळंच आहे हे तिला तेव्हा कळतं.

चार्टचंच बघा ना, एकीच्या मुलाची बारावी, दुसरी मॅटर्निटी लीव्हवर, गणपतीत सगळ्यांनाच सुट्टी हवी, आणि नाइट कुणालाच नको! इंडियन नर्सिंग कौन्सिलचा निकष टीचिंग हॉस्पिटलच्या जनरल वॉर्डात 3 पेशंटमागे 1 नर्स असा आहे, तो कागदावर. म्हणून चांगल्या ट्रेनिंगमध्ये भाषणं कमी आणि खऱ्या वॉर्डाचा खरा चार्ट जास्त असतो, निदान असावा.

दुसरा मोठा भाग म्हणजे ओव्हर देणं-घेणं (ड्युटी बदलताना पुढच्या सिस्टरला पेशंटची माहिती सांगणं) आणि डॉक्टरांना फोन करणं. त्यासाठी ‘एसबार’ पद्धत शिकवतात, ती अमेरिकन नौदलाच्या पाणबुड्यांवरून हॉस्पिटलात आली. आत्ता काय झालंय, मागची हिस्टरी काय, मला काय वाटतंय, आणि काय करायला हवं, या क्रमाने बोलायचं. पहिल्या दोन गोष्टी सगळ्याच सांगतात, पण रात्री दोनला रेसिडेंट डॉक्टरला उठवून "सर, तुम्ही आत्ता येऊन पेशंट बघा" असं सरळ सांगायला ज्युनियर सिस्टर कचरतात, त्यामुळे याचा रोल प्ले करून घेतात. इन्चार्ज स्वतः तसं बोलत असेल तर वॉर्डही बोलतो.

कल्पना तशी जुनीच, 1860 मध्ये लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलात नाइटिंगेल बाईंच्या नावाने शाळा निघाली आणि तिथल्या नर्स पुढे ठिकठिकाणी मेट्रन झाल्या. इंटरनॅशनल कौन्सिल ऑफ नर्सेसने 1996 मध्ये ‘लीडरशिप फॉर चेंज’ हा कार्यक्रम काढला. आपल्याकडे बीएससी नर्सिंगला मॅनेजमेंट आणि लीडरशिप हा विषय आहे, पण तो शिकतात विशीत आणि वॉर्ड हातात येतो कित्येक वर्षांनी, तोवर पेपरात लिहिलेलं कुणाला आठवतंय! शिवाय ट्रेनिंगला पाठवायचं तर तिच्या जागी वॉर्डात कोण उभं राहणार, बरेचदा गाडी तिथेच अडते.