पूल थरथरतो, पण कशामुळे?

सप्टेंबर 2023 मध्ये तापीला पूर आला आणि सारंगखेड्याच्या पुलालगतच्या भरावाला भगदाड पडलं. असं काही घडलं की ‘स्ट्रक्चरल ऑडिट करा’ ही मागणी ठरलेलीच. हल्ली तिच्यासोबत ‘सेन्सर बसवा’ हेही येतं. ते सेन्सर नेमकं काय सांगतात, हे समजायला थोडं मागं जावं लागतं.

पूर्वी तपासणी म्हणजे डोळे, कान आणि हातोडा. लोखंडी पुलाचा रिव्हेट, म्हणजे पट्ट्या जोडणारी खिळ, ठोकायचा. तो सैल असला तर आवाज बोदा येतो. पण 15 डिसेंबर 1967 ला अमेरिकेत ओहायो नदीवरचा सिल्व्हर ब्रिज कोसळला, 46 माणसं गेली. पूल ज्या पोलादी साखळ्यांवर टांगलेला होता, त्यातल्या एका पट्टीतली भेग जेमतेम अडीच मिलीमीटर खोल होती आणि तीही जोड उघडल्याशिवाय दिसणार नाही अशा जागी. तिथे 1971 मध्ये तपासणीचे राष्ट्रीय नियम आले. आपल्याकडे महाडचा सावित्रीवरचा जुना पूल 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री वाहून गेला. त्याच वर्षी केंद्राने देशभरातल्या पुलांची नोंद ठेवणारी यंत्रणा सुरू केली. नियम नेहमी असेच, अपघातामागून येतात.

सेन्सरमागची कल्पना सोपी आहे. प्रत्येक पूल स्वतःच्या ठरावीक लयीत थरथरतो. कुठे कमकुवत झाला की लय मंदावते. 1970 च्या दशकात समुद्रातल्या तेलविहिरींच्या मनोऱ्यांवर हे करून पाहिलं गेलं. पुढे 1993 मध्ये न्यू मेक्सिकोतल्या पाडायच्या एका महामार्ग पुलाचा गर्डर, म्हणजे रस्ता पेलणारी मुख्य तुळई, संशोधकांनी टप्प्याटप्प्याने कापला. शेवटचा मोठा काप देईपर्यंत लय जवळजवळ हललीच नाही! स्वित्झर्लंडच्या झेड-24 पुलावर 1998 च्या सुमारास उलटा प्रकार दिसला. पूल धडधाकट असतानाच थंडीत वरचं डांबर कडक झालं आणि लय बदलली.

आमच्या खानदेशासाठी मला हा धडा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. हिवाळ्यात पारा 10 अंशांच्या खाली, मे महिन्यात जळगाव-भुसावळला 45 च्या वर. शंभर मीटर लांबीचं पोलाद एवढ्या फरकाने चार सेंटिमीटर वाढतं. या वाढीसाठी ठेवलेल्या फटीत, म्हणजे एक्स्पान्शन जॉइंटमध्ये, माती-खडी भरून तो जाम झाला असेल तर विचारूच नका. किमान वर्षभराच्या नोंदी हाताशी नसतील तर उन्हाचा परिणाम कुठला आणि भेगेचा कुठला, हे सांगता येणार नाही.

शिवाय आपला खरा धोका बहुतेकदा पुलाच्या वर नसतोच. तापीच्या खोऱ्यात जागोजागी गाळाचे जाड थर आहेत, गिरणेत वाळूचा उपसा. पुरात खांबाभोवतीचा तळ खरवडला जातो आणि पाणी ओसरताना तोच खड्डा सैल गाळाने भरून येतो. दिवाळीनंतर पाहणीला गेलेल्याला पात्र सपाट दिसतं, शेरा ‘ठीक’ असा पडतो. अमेरिकेत 1987 मध्ये शोहारी क्रीकचा पूल पाया असा उघडा पडूनच कोसळला, तेव्हापासून तिकडे तळ मोजण्याकडे लक्ष गेलं.

त्यातलं एक साधन अगदी साधं आहे. खांबाजवळ तळात रोवलेल्या दांड्यावर एक जड कडं असतं. तळ खचला की ते खाली घसरतं आणि वर गाळ साचला तरी तिथेच राहतं. कडं किती उतरलं, ते पुरानंतर मोजता येतं. वरच्या महागड्या सेन्सरांआधी तापी-गिरणेच्या खांबांना ही कडी लागायला हवीत.