मिठागरातली गर्दी आणि हतनूरचा गाळ

एक पाणथळ जागा गेली तर काय झालं, पक्ष्यांना दुसरी आहेच, असा हिशेब मांडला जातो. तो तपासून बघू. थापट्या बदक हिवाळ्यात जळगाव जिल्ह्यात तापीवरच्या हतनूर धरणाच्या फुगवट्यावर उतरतं आणि मुंबईच्या मिठागरांतही. पाणकावळ्याचं तसं नाही. हतनूरला तो हमखास दिसतो; मिठागराच्या शेवटच्या, सर्वांत खारट कप्प्यांत त्याचं काहीच काम नसतं, कारण तिथे मासे नसतात.

समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. मिठागरात हे पाणी एका कप्प्यातून दुसऱ्यात सोडत उन्हावर आटवतात. खारटपणा काही पटींनी वाढला की माशांचा निभाव लागत नाही. उरतात ती पाण्याला तांबूस रंग देणारी ड्युनालिएलासारखी सूक्ष्म शैवालं, आणि त्यांच्यावर जगणारा आर्टेमिया. कोळंबीचा हा दूरचा नातलग नखाएवढा, पोहतो तोही उताणा. खायला टपलेला मासाच नसल्यामुळे तो बेसुमार वाढतो. मग उचाट्या या पाणपक्ष्याची चंगळ होते. वर वळलेली चोच पाण्यात डावीकडून उजवीकडे फिरवत तो आर्टेमिया टिपत जातो. शिवाय भरतीला खाडीकाठच्या खाजणातला चिखल बुडतो, तेव्हा मिठागरातलं पाणी मात्र तेवढंच उथळ असतं. खाडीतले टिलवे, चिखले असे चिखलात चरणारे छोटे पक्षी तेवढ्या वेळेपुरते तिथे येऊन बसतात. कप्पा जितका खारट तितक्या जाती कमी, पण ज्यांना ते पाणी मानवतं त्यांचे थवेच्या थवे.

आपल्या खानदेशात मिठागरं नाहीत. पण ‘नैसर्गिक’ म्हणावं असं मोठं पाणी तरी कुठे आहे? हतनूर, वाघूर, धुळ्याचा नकाणे, सगळी माणसाने अडवलेली. पाणी कोणी अडवलं याच्याशी पक्ष्याला देणंघेणं नाही. त्याला खोली बघायची असते. टिलव्याला बोटभर पाणी पुरतं, शेकाट्या वीतभर पाण्यात चालतो, थापट्याला पृष्ठभाग चाळायचा असतो, लालसरी बदकाला बुडी मारण्याइतकं खोल लागतं.

चांगदेवला पूर्णा तापीला मिळते, तीही विदर्भाच्या खारपाण पट्ट्यातून भरपूर गाळ घेऊन. ४१ दरवाजांच्या हतनूरला हा गाळ म्हणजे कायमची डोकेदुखी. टिलव्याला विचाराल तर तो उलटं सांगेल. उन्हाळ्याकडे पाणी मागे सरतं तसा काठाला ओल्या गाळाचा नवा पट्टा उघडा पडतो, आणि त्यात किड्यांच्या अळ्या असतात. त्याच पट्ट्यावर शेतकऱ्याचीही नजर असते, गाळपेरीसाठी.

म्हणून एका पाण्याच्या बदल्यात दुसरं, हा हिशेब मला पटत नाही. कमळपक्षी तरंगत्या पानांवर अंडी घालतो. खारट कप्प्यात पानंच नाहीत. उलट उचाट्याची मिठागरातली मेजवानी गोड्या तलावात मिळणार नाही. धरणातला गाळ काढावा लागेल, पाणी सगळ्यांनाच हवंय. पण खोदताना काठ सरळ तोडण्याऐवजी उतरता ठेवला, तर पाण्याची पातळी कुठेही असो, बोटभर खोलीची एक पट्टी टिलव्यासाठी उरते.